स्टुटगार्टला नवीन घर, नवीन शेजार: सुरुवात कुठून करायची?

पिंपळपान

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय. नवऱ्याची पुण्याच्या ऑफिसातून स्टुटगार्टला बदली झाली आणि आम्ही तिघं (लेक मे महिन्यात सहा पूर्ण झाली) ऑगस्टमध्ये फॉयरबाखला राहायला आलोय. कंपनीने सुरुवातीला दिलेली जागा सोडून आता आपल्या नावावरचं भाड्याचं घर मिळालंय. तिसरा मजला, लिफ्ट नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडीवरचे द्राक्षाचे मळे दिसतात, आणि मी मूळची नाशिकची त्यामुळे घर बघताक्षणी हेच घ्यायचं असं ठरवून टाकलं होतं.

आता प्रश्न. किल्ल्यांबरोबर घरमालकाने चार पानी हाउसऑर्डनुंग हातात दिलंय, रविवारी काय करायचं नाही, दुपारी काय करायचं नाही, कपडे कुठे वाळत घालायचे, सगळं त्यात आहे. परवा संध्याकाळी दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी अडकवलेली दिसली, केरवोखची. म्हणजे या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची एवढं समजलं, पण किती झाडायचं, फक्त झाडायचं की पुसायचंही, आणि झाल्यावर पाटीचं काय करायचं? डिपॉझिट तीन महिन्यांचं मागितलंय ते बरोबर आहे का? फोडणीच्या वासावरून कुणी तक्रार करतं का? लेकीच्या शाळेचं कुणाला विचारायचं?

आणि एक मनातलं लिहिते. सामान चढवत होतो तेव्हा जिन्यात चार जण भेटले, सगळे हसून ग्र्यूस गॉट म्हणाले आणि आपापल्या दारात गेले, दार बंद. नाशिकला सामान उतरत असतानाच समोरच्या काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या असत्या, कुठून आलात, मुलगी कितवीत, सगळं विचारून झालं असतं. इथे कुणी काही विचारलंच नाही. लेक रोज विचारते की आई या बिल्डिंगमध्ये मुलं आहेत का, आणि मला उत्तर माहीत नाही. लोकांना आम्ही नको आहोत असं काही आहे का, की इथली पद्धतच अशी?

चाकणकर

ताई, वेलकम. आधी कागदं, बाकी सगळं मागाहून, कारण इथे एक कागद अडला की पुढचे पाच अडतात.

पहिलं आनमेल्डुंग. नवीन घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत (महापालिकेच्या नागरिक कार्यालयात) पत्ता नोंदवायचा, आणि आधीच्या जागेवर नोंद झाली असेल तरी नवीन पत्त्याची परत करायची. त्याला घरमालकाच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही तिथे राहायला आल्याचं पत्र, लागतं, नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, १ नोव्हेंबर २०१५ पासून हा कागद कायद्यानेच लागतो. घरमालकाला तो द्यावाच लागतो त्यामुळे मागायला संकोच करू नका. अपॉइंटमेंट दोन आठवड्यांच्या आतली मिळाली नाही तर बुकिंगचा ईमेल जपून ठेवा, आपण वेळेत हालचाल केली एवढं त्यातून दिसतं.

पहिल्या नोंदणीनंतर टॅक्स आयडी येतो, अकरा आकडी नंबर, तिघांनाही वेगळा, लेकीलासुद्धा. तो जपून ठेवा, किंडरगेल्डच्या (मुलांसाठी सरकारकडून मिळणाऱ्या भत्त्याच्या) अर्जाला तिचा आणि तुमच्यापैकी जो अर्ज करेल त्याचा लागतो. आणि हे सगळं पोस्टाने येतं, म्हणून दुसरं महत्त्वाचं काम म्हणजे बेलवर आणि लेटरबॉक्सवर नाव. इथे बहुतेक बिल्डिंगींत फ्लॅटला नंबरच नसतो, रस्ता आणि घराचा आकडा झाला की पोस्टमन आडनाव शोधतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, मग ते बँकेच्या कार्डाचं असो की व्हिसाचं. तुमचं आणि नवऱ्याचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लावा. कागदावर लिहून चिकटपट्टीने आजच लावा, नीट पाटी हाउसमाइस्टर (बिल्डिंगची देखभाल करणारा माणूस) मागाहून करून देईल.

डिपॉझिट बरोबर आहे. कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्टमीट घेता येतं, वार्ममीट नाही, म्हणजे हीटिंग पाणी वगैरे धरून जो आकडा होतो त्याची तिप्पट मागितली असेल तर ती चूक आहे, करार काढून बघा. आणि हे पैसे तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क तुम्हाला आहे, पहिला हप्ता भाडं सुरू होताना. नवीन देशात आल्या आल्या एवढी रक्कम एकदम जाणं जड जातं, त्यामुळे हा हक्क वापरा.

किल्ल्या घेताना ऊबरगाबेप्रोटोकोल, म्हणजे घर ताब्यात घेतानाच्या अवस्थेची लेखी नोंद, केलं का? भिंतीवरचा डाग, लाकडी जमिनीवरचे ओरखडे, फुटकी टाइल, सगळ्याचे फोटो काढून घरमालकाला आजच्या आज ईमेल करा. विजेच्या मीटरचा नंबर आणि रीडिंगचाही फोटो. तुम्ही दिवा लावला त्या क्षणापासून तिथल्या ठरलेल्या कंपनीची वीज तुमच्या नावावर चालू होते, ती सहसा महाग असते, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येते, तेव्हा आरामात दुसरी शोधा.

आणखी दोन. घरात टीव्ही नसला तरी रुंडफुंकबाइट्राग (रेडिओ-टीव्हीची फी) भरावा लागतो, महिना १८.३६ युरो, पण घरटी एकच, माणशी नाही. दोघांना वेगवेगळी पत्रं आली तर एकाने भरायचं आणि दुसऱ्याने त्याचा नंबर कळवायचा. आणि हाफ्टफ्लिख्ट इन्शुरन्स (आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा) घ्याच, त्यात किल्ली हरवल्याचं कव्हर आहे का ते बघून घ्या. एकाच किल्लीने मुख्य दार, तळघर, घर सगळं उघडत असेल तर ती हरवल्यावर अख्ख्या बिल्डिंगची कुलपं बदलायचा खर्च अंगावर येऊ शकतो. दार मागे ओढलं गेलं की बाहेरून उघडत नाही, बाहेर नुसता गोळा असतो, त्यामुळे कचरा टाकायला जातानासुद्धा किल्ली खिशात.

उंबरठा

पिंपळपान, तुझं शेवटचं वाचून लिहायला बसले. मी कान्स्टाटला राहते, संसाराची बहुतेक वर्षं स्टुटगार्टातच गेली.

लोकांना तुम्ही नको आहात असं अजिबात नाही गं. आपल्याकडे जुन्या शेजाऱ्याने नव्याकडे जायचं असतं, इथे उलट आहे, नवीन आलेल्याने जाऊन बेल वाजवायची असते. आलेल्या माणसाच्या दारात आपण आधी जाणं म्हणजे त्याच्या घरात डोकावणं असं यांना वाटतं, म्हणून ती थांबलेली असतात. तू गेली नाहीस तर ती समजतात की या कुटुंबाला एकटं राहायला आवडतं, आणि मग अगदी मनापासून, आदर म्हणून, तुम्हाला एकटं सोडतात. अशी दोन्ही बाजूंनी वाट बघत वर्षानुवर्षं गेलेली घरं मी बघितली आहेत आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तर या शनिवारी दुपारी चार ते सहाच्या मधे जा. एक ते तीन नको, रात्री आठनंतर नको, रविवारी सकाळी तर नकोच. तिघं मिळून जा, लेकीला पुढे ठेव. म्हणायचं एवढंच, गुटन टाग, विअर झिंट डी नॉयन नाखबार्न आउस डेम ड्रिटन श्टॉक (नमस्कार, आम्ही तिसऱ्या मजल्यावरचे नवीन शेजारी), आणि आडनाव सांगायचं. पाच मिनिटं दारातच उभं राहून बोलणं होईल, आत बोलावलं नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, तेवढ्याने काम होतं. बेलवरचं आडनाव आधी वाचून जा आणि फ्राउ (बाई) किंवा हेर (साहेब) लावूनच हाक मार, पहिल्या नावावर यायचं असेल तर वयाने मोठी व्यक्ती स्वतःहून सुचवते. हातात थोड्या शंकरपाळ्या घेऊन जा, तिखट काही नको, आणि मैदा, तूप, दूध, साखर आहे असं चिठ्ठीवर लिही, कुणाला ग्लुटेन चालत नाही, कुणाला दूध.

आता पाटी. तुमच्या पाटीवर क्लाइने लिहिलंय की ग्रोसे ते बघ. क्लाइने म्हणजे तुमचा मजला आणि तिथून खालच्या मजल्यापर्यंतच्या पायऱ्या, आधी झाडून मग ओल्या फडक्याने पुसायच्या, कठडा आणि जिन्यातल्या खिडकीचा कट्टाही पुसायचा. ग्रोसे म्हणजे खालचं मुख्य दार, तळघराचा जिना, समोरचा फुटपाथ, आणि काही घरांत थंडीत बर्फ काढणंसुद्धा. बर्फाचं नेमकं कुणाकडे आहे ते आत्ताच वाचून ठेव, सकाळी लोक कामाला निघायच्या आत रस्ता मोकळा करायचा असतो आणि कुणी घसरून पडलं तर जबाबदारी आपली येते. आठवडा संपला की पाटी पुढच्या घराच्या मुठीला अडकवायची. शनिवारी सकाळी केलंस तर उत्तम, कारण तेव्हा सगळे येता-जाता बघतात. हा दिखावा नाही बरं का. या श्वेबिश (म्हणजे इकडच्या स्थानिक) लोकांत जो आपली पाळी नीट करतो तो भरवशाचा, असा त्यांचा हिशेब आहे, आणि तो भरवसा एकदा बसला की तुमच्या घरासाठी ही माणसं काहीही करतात. मी जिना पुसत असतानाच माझ्या खालच्या फ्राउंनी पहिल्यांदा थांबून विचारलं होतं की तुमच्याकडे मुंबईत जिना कोण पुसतं, आणि मग आम्ही पाऊण तास पायरीवर बसून बोललो. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून जुळी शहरं आहेत, बऱ्याच जुन्या लोकांना ते माहीत असतं, बोलायला सुरुवात करायला बरं पडतं.

इसारकाठ

म्युनिकवरून. उंबरठा काकू, तुमच्याबद्दल आदर आहे पण मला हे सगळं पटत नाही. इथे बरीच वर्षं झाली, समोर कोण राहतं माहीत नाही, काही अडलं नाही. दिवसभर ऑफिसात परक्या भाषेत बोलून डोकं शिणतं आणि संध्याकाळी परत आर्टिकलं जुळवत शेजाऱ्याशी बोलायचं? पिंपळपान, तुम्ही आधी तिथल्या मराठी मंडळात जा, गणपतीला जा, तिथे लेकीला मैत्रिणी मिळतील, तुम्हाला माणसं मिळतील, घर लागल्यासारखं तिथेच वाटेल. जिना पुसायला लोक ठेवणाऱ्या बिल्डिंगीही असतात, पुढच्या वेळी तशी बघा.

उंबरठा

@इसारकाठ, मंडळात जायलाच पाहिजे, मी स्वतः इतकी वर्षं गणपतीचे मोदक करायला जाते. पण मंडळातली माणसं शहरभर विखुरलेली, महिन्या दोन महिन्यांनी भेटणारी. मुलीला रात्री ताप भरला आणि नवरा टूरवर आहे तर तुझ्या मजल्यावरचं माणूस लागतं. तू गावाला गेलास तर लेटरबॉक्स कोण रिकामा करणार, पार्सल कोण घेणार, घरात जास्तीची किल्ली कुणाकडे ठेवणार? आणि त्याही पलीकडे, ज्या घरात आपण झोपतो उठतो त्या घराच्या भिंतीपलीकडे कोण आहे हे माहीत नसताना माणसाला घर लागलं असं कसं म्हणायचं? पिंपळपान दिवसभर घरी असणार आहे, तू ऑफिसात असतोस. तिच्यासाठी ही बिल्डिंग हेच गाव आहे.

इसारकाठ

घरी असणाऱ्या माणसाचं वेगळं हे मान्य. माझी बायको पण हेच म्हणते. भाषेचा थकवा मात्र खरा आहे, त्याची तयारी ठेवा ताई.

नवलकोल

स्वयंपाकघराचं मी सांगते. घरात किचन आहे हेच मोठं नशीब, इथे बरीच घरं नुसत्या नळाच्या पाइपासकट मिळतात, ओटा, शेगडी, कपाटं सगळं आधीचा भाडेकरू उचलून नेतो किंवा तुम्हाला विकत घ्यायला लावतो. आधी शेगडी कुठली आहे बघा, नुसती काचेची सेरान असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक चिकटला तरच चालेल. मिक्सर भारतातला चालतो, व्होल्टेज सारखंच आहे, फक्त पिन बसत नाही, जाड चांगला ॲडॅप्टर घ्या. फुलके ज्योतीवर फुगवता येत नाहीत, सेरानवर पापडाची जाळी ठेवून जमतात.

वाण्याचं सामान पहिल्या दिवशी इंडियन दुकानातून भरू नका, महाग पडतं. तुर्की दुकानात जा. कोथिंबिरीची खरी जुडी, भेंडी, वांगी, मसुराची डाळ, छोले, डाळिंब, सगळं तिथे मिळतं आणि भाव बरा. कणीक, पोहे, तूरडाळ, हिंग, साबुदाणा यासाठीच इंडियन दुकान. साध्या सुपरमार्केटात वाइखवाइत्सनग्रीस म्हणून जो मिळतो तो रवा, उपम्याला शिऱ्याला छान. बुटरश्माल्त्स म्हणजे जवळपास तूपच. आणि क्वार्क, म्हणजे इथलं मऊ ताजं चीज! चाळीस टक्के फॅटवाला क्वार्क फडक्यात थोडा वेळ टांगून ठेवा, पिठीसाखर, वेलची, केशर घाला, चक्का लावायची गरजच नाही, श्रीखंड तयार. गेल्या पाडव्याला आमच्या मजल्यावरच्या दोन घरांत मी वाट्या दिल्या, त्यांच्याच दुकानातल्या वस्तूचं असं काही होतं हे बघून त्यांना फार गंमत वाटली. नवलकोल इथे मुबलक, लहान मुलं सफरचंदासारखा कच्चा खातात.

शनिवारी संध्याकाळपर्यंत सामान भरा, रविवारी दुकानं बंद. थोडीफार बेकरी आणि मोठ्या स्टेशनातली दुकानं चालू असतात तेवढीच. प्लास्टिकच्या बाटल्या आणि कॅन टाकू नका, बहुतेकांवर २५ सेंट फांड (परत मिळणारी अनामत) असतो, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये घातल्या की पावती मिळते. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या कंटेनरमध्ये रंगाप्रमाणे, पांढरी, तपकिरी, हिरवी, आणि निळी बाटली असेल तर हिरव्यात. रविवारी आणि रात्री काच टाकायची नाही, आवाज होतो.

फोडणीच्या वासाबद्दल, रोजच्या स्वयंपाकाचा वास आला म्हणून कुणी तुम्हाला घराबाहेर काढू शकत नाही. पण शेगडीवरचा पंखा बघा, हवा बाहेर टाकणारा आहे की नुसती गाळून आत सोडणारा. दुसरा असेल तर त्यातला कोळशाचा फिल्टर बदलत राहावा लागतो नाहीतर पडद्यांना आणि कोटांना हिंगाचा वास बसतो. हिवाळ्याचे कोट स्वयंपाकघराजवळ टांगू नका, बंद कपाटात ठेवा.

गवंडी

मी बांधकामातला माणूस आहे, कार्ल्सरुहला असतो. नवलकोल ताईंनी वासाचं सांगितलं, पण माझ्या मते वासापेक्षा वाफ जास्त महत्त्वाची, आणि आपल्या घरांत डिपॉझिटवरून जे वाद होतात त्यातले कितीतरी बुरशीवरून होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण भात, डाळ, कुकर, इडली असं रोज वाफेचं शिजवतो, शिवाय थंडीत कपडे घरातच वाळतात, आंघोळी गरम पाण्याच्या. चार माणसांच्या घरात दिवसाला साधारण दहा लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन हवेत जातं असं धरतात. गरम हवेत ही वाफ मावते, तीच हवा बाहेरच्या थंड भिंतीला लागली की थंड होते आणि पाणी सुटतं. नाशिकच्या घरात फटीतून, खिडकीतून हवा आपोआप खेळते. इथल्या खिडक्या रबर लावून घट्ट बंद होतात, वाफेला जायला वाटच नाही. मग कोपऱ्यात, खिडकीच्या कडेला, कपाटामागे काळे ठिपके येतात.

उपाय सोपा आहे पण रोज करायला लागतो. खिडकी वरून तिरकी उघडून दिवसभर ठेवायची नाही, त्याने हवा फार बदलत नाही आणि खिडकीभोवतीची भिंत गार पडून उलट तिथेच बुरशी धरते. पूर्ण सताड उघडायची, शक्य असेल तर समोरासमोरच्या दोन, पाच ते दहा मिनिटं, दिवसातून तीन चार वेळा, आणि स्वयंपाक आंघोळ झाली की लगेच. त्या वेळी हीटर बंद करा. एवढ्या वेळात भिंती गार होत नाहीत, फक्त हवा बदलते, आणि थंडीतली बाहेरची हवा अंगाला दमट वाटली तरी आत येऊन तापली की कोरडीच असते. भर पावसातसुद्धा खिडकी उघडा, थंडीत ते चालतं.

हीटरच्या चाकीवरचा ३ म्हणजे साधारण २० डिग्री. पैसे वाचवायला न वापरायची खोली पूर्ण बंद ठेवतात ते करू नका, गरम खोलीतली वाफ जाऊन त्या गार खोलीतच बसते. बाहेरच्या भिंतीला चिकटून कपाट किंवा पलंग लावू नका, वीतभर तरी जागा सोडा. दहा युरोत आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ४० ते ६० टक्क्यांच्या मधे ठेवा. आणि ठिपका दिसला तर पुसून गप्प बसू नका, फोटो काढून घरमालकाला लेखी कळवा, कारण काही वेळा दोष भिंतीतच असतो आणि तो तुमच्या डोक्यावर यायला नको. माझ्या ओळखीच्या एका घराला घरमालकाने तुम्ही मसाल्याचं शिजवता म्हणून बुरशी आली असं तोंडावर सांगितलं होतं. मसाल्याने बुरशी येत नाही. त्यांनी महिनाभराची आर्द्रतेची नोंद दाखवली, मीटरफेराइनच्या वकिलाचं एक पत्र गेलं आणि भिंतीतला गळका पाइप सापडला. मीटरफेराइन म्हणजे भाडेकरूंची संघटना, वर्षाची वर्गणी भरून सभासद व्हा, सल्ला मिळतो.

पिंपळपान

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, सगळं वाचून नवऱ्याला पण वाचायला दिलं. करार काढून बघितला, डिपॉझिट काल्टमीटवरच आहे, हप्त्यांचं विचारलं तर घरमालक लगेच हो म्हणाले. नावाची चिठ्ठी दोन्ही आडनावांसकट लावली.

शाळेचं कुणी सांगेल का? आणि रविवारी लेक घरात उड्या मारते, खाली कोण राहतं माहीत नाही, मला सारखी तिला गप्प कर गप्प कर करावं लागतं, त्याचंच जास्त वाईट वाटतं.

चाकणकर

शाळा: बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ३० जूनपर्यंत सहा पूर्ण झालेली मुलं त्याच वर्षी शाळेत जायलाच लागतात, म्हणजे तुमची लेक याच सप्टेंबरला. पत्त्यावरून ग्रुंडशुले (प्राथमिक शाळा) ठरलेली असते, थेट त्या शाळेच्या ऑफिसात जा, आनमेल्डुंगचा कागद आणि जन्मदाखला घेऊन. काही शाळांत भाषा न येणाऱ्या मुलांसाठी फोरबेराइटुंग्सक्लासे असतात, तसं आहे का विचारा. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाच्या हातात शुल्ट्यूटे असतो, पुठ्ठ्याचा मोठा शंकू, आत खाऊ, पेन्सिली, छोटी खेळणी. तो शाळा देत नाही, आईबापांनी भरून न्यायचा असतो. हे नवीन आलेल्यांना कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितोय, सगळ्यांच्या हातात असतो आणि आपल्या पोराच्या हातात नाही असं व्हायला नको.

उंबरठा

आवाजाचं. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवार पूर्ण दिवस शांतता. ड्रिल, हातोडी, व्हॅक्यूम, खलबत्ता हे रविवारी नाही. काही घरांत दुपारी एक ते तीनही, ते तुझ्या कागदात आहेच. लहान मुलाचं चालणं, खेळणं, रडणं मात्र लोकांनी सोसायचं असतं, मुलगी घरात श्वास रोखून वाढवायची नाहीये. तिच्या खोलीत जाड गालिचा घाल, खालच्यांकडे जाशील तेव्हा स्वतःच सांग की आमची मुलगी सहा वर्षांची आहे, आवाज जास्त वाटला तर मला येऊन सांगा. आधी सांगितलं की मग तोच आवाज लोकांना कमी वाटतो. हे मी अनुभवाने सांगते.

तुझ्यासाठी, फोल्क्सहोखशुलेत (शहराच्या प्रौढ शिक्षण केंद्रात) जर्मनचा ए वनचा, म्हणजे अगदी सुरुवातीचा, वर्ग लाव, रोटेब्यूलप्लात्सला मोठं केंद्र आहे. आणि लेकीला घेऊन मायलेंडर प्लात्सच्या लायब्ररीत जा, २०११ मध्ये उघडलेला पांढरा चौकोनी ठोकळा, मुलांचा मजला सुंदर आहे, आत येऊन नुसतं बसायला कुणी पैसे मागत नाही. पावसाळी दुपारी घरात कोंडून बसण्यापेक्षा तिथे जा.

पिंपळपान

मंडळी, ऑक्टोबर उजाडला, मधे लिहायला जमलंच नाही.

शनिवारी जिना झाडून पुसून काढला आणि संध्याकाळी तिघं शंकरपाळ्या घेऊन सगळ्या मजल्यांवर गेलो. खालच्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एकट्या आजी आहेत, त्यांनी आम्हाला आतच बोलावलं. उड्यांचं मी सांगितलं तर म्हणाल्या की आधीचं जोडपं इतकं शांत होतं की मला बिल्डिंगमध्ये एकटी असल्यासारखं वाटायचं, ठोकू दे तिला पाय. त्यांनी परवा लिन्झन मिट श्पेट्झले केलं तेव्हा सॉसेज न घालता आमच्यासाठी वेगळं काढून ठेवलं, आम्ही मांस खात नाही हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. अख्ख्या मसुराची आमटी असावी तशी चव, वर व्हिनेगर. आणि पहिल्या मजल्यावर लेकीच्याच वर्गातला मुलगा निघाला! एवढे दिवस ती दोघं एकाच दारातून जात येत होती. आता सकाळी एकत्र शाळेत जातात, त्याची आई आणि मी आलटून पालटून सोडायला जातो.

सगळीकडे असं झालं असं नाही. समोरच्या गृहस्थांनी दारातच डान्के म्हणून डबा घेतला, रिकामा डबा दुसऱ्या दिवशी पायपुसण्यावर धुऊन ठेवला होता, बास तेवढंच. असू दे.

आता दिवाळी येतेय. पहाटे उठून अभ्यंगस्नान, पणत्या, थोडे पाहुणे संध्याकाळी, असं करायचं मनात आहे. कुणाला त्रास न होता कसं करायचं?

उंबरठा

वाचून डोळे भरून आले बाई. समोरच्यांना त्यांच्या गतीने येऊ दे, येता-जाता नमस्कार चालू ठेव.

दिवाळीचं सोपं आहे. आठवडाभर आधी जिन्यात खाली एक चिठ्ठी लाव: अमुक तारखेला आमचा दिव्यांचा सण आहे, संध्याकाळी पाहुणे येतील, दहापर्यंत थोडा आवाज होईल, काही वाटलं तर बेल वाजवा, आणि सहाच्या सुमारास फराळाला जरूर या. खाली आडनाव, मजला. आजींकडून जर्मन वाचून घे, त्यांना आवडेल. पहाटे सहाच्या आत जोरात काही नको, सनई मोबाइलवर हळू लाव. फटाके नाहीत, ते इथे थर्टी फर्स्टलाच. पणत्या जिन्यात ठेवू नकोस, आगीच्या नियमात बसत नाही, घरात आणि खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर ठेव, पडदे बाजूला घे. झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये छताला धुराचे अलार्म असतात, उदबत्ती त्यांच्याखाली नको.

नवलकोल

चकल्या तळताना खिडकी सताड उघडा आणि जिन्याकडचं दार घट्ट बंद. तळणीचा वास जिन्यात सोडला की तिन्ही मजल्यांवर जातो आणि दिवसभर बसतो, यावर मात्र लोक खरंच चिडतात. बाल्कनी असेल तर छोटी विजेची शेगडी तिथे लावायचा मोह होतो, पण आधी हाउसऑर्डनुंग बघा. तळून झाल्यावर तेल सिंकमध्ये ओतायचं नाही, बाटलीत भरून रेस्टम्युलमध्ये (वेगळा न करता येणाऱ्या उरलेल्या कचऱ्याच्या डब्यात).

भाजणी भारतातून मागवू नका, मी यंदा जास्तीची करून ठेवलीय. पुढच्या रविवारी उंबरठा काकूंकडे कान्स्टाटला घेऊन येते, चाकणकर तुम्हाला पण पाहिजे असेल तर किती ते इथेच लिहा.

चाकणकर

एक किलो. आणि मी बायकोला घेऊन येतो, तिलाही ही बेल वाजवायची जर्मन वाक्यं काकूंकडून शिकायचीत, आम्ही पुढच्या महिन्यात लुडविग्सबुर्गला घर बदलतोय.